बारामतीत तेरा, अंथुर्ण्यात पंधरा

बारामतीत मी तेरा वर्षांची होते आणि अंथुर्ण्यात पंधरा. मधे एसटीचा तासाभराचा रस्ता. सुट्टीला घरी निघाले की त्या तासाभरात दोन वर्षं अंगावर चढायची, आणि परत येताना तेवढीच उतरवून ठेवावी लागायची. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डी संघाला उजव्या कोपऱ्यावर उंच, दणकट पोरगी हवी होती. आमच्या शाळेच्या मैदानावर ती संघाच्या सरांना दिसली. तिचं वय तेवढं जास्त निघालं. मग वय कमी केलं, परकराला दुमड घालून उंची कमी करतात तसं. नवा दाखला आला, अण्णांनी त्यावर सही केली, आणि आठवीत जायची ती मी बारामतीच्या क्रीडा वसतिगृहात राहून पुन्हा सहावीत बसले. वर्गात पहिली यायचे ते त्यामुळंच. सगळी पुस्तकं आधी वाचलेली होती. बाई कौतुक करायच्या तेव्हा मला शिव्या दिल्यासारखं वाटायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सही कशी केली हे मला अजूनही कधी कधी कळत नाही, कारण वयाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नसे. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. अण्णांचं अर्धं तारुण्य त्यांच्यामागं चालण्यात गेलं. मग पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि अण्णा दुधाचा टेम्पो चालवू लागले. तरी बाजारात कुणी मेंढी घ्यायला निघालं की अण्णांना सोबत नेत. अण्णा मेंढीचा जबडा धरून ओठ वर करायचे, अंगठ्यानं दात चाचपायचे आणि म्हणायचे, "चार दाती हाय. दोन दाती म्हणून इकतूय व्हय रं?" विकणारा खाली बघायचा. घरी मी हे कौतुकानं ऐकायचे. पहाटे टेम्पोत किटल्या चढवल्याचा खणखणाट, मागोमाग शेजारच्या कडबाकुट्टीची घरघर, आणि आईचं भाकरी थापणं. आई एक पाय दुमडून, एक गुडघा वर उभा करून चुलीपुढं बसायची आणि तासभर तशीच बसून राहायची. हिवाळ्यात हुलग्याचं माडगं असायचं, वाफाळतं, लसणाचं. ते मी वाटीनं न पिता थेट तांब्यानं प्यायचे. बारामतीच्या वसतिगृहात ते मिळत नव्हतं.

वसतिगृहात मात्र पहिली गोष्ट शिकले ती तारीख. सर चालता चालता अचानक विचारायचे, "कोमल, जन्म?" आणि मी दाखल्यावरची तारीख न थांबता म्हणायची. चुकले तर मैदानाला दोन फेऱ्या. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नाही, आईकरवी सांगितली. मला घरी असतानाच पाळी सुरू झाली होती. दाखल्यावर मी तेव्हा अकराची, आणि अकरा वर्षांच्या मुलीला ती असून चालणार नव्हती. आई ट्रंक भरताना म्हणाली, "कुणी इचारलं तर अजून न्हाय म्हणायचं. कळलं का?" मग मी दर महिन्याला पोट बिघडल्याचं सांगायचे. ट्रंकेच्या तळाशी जुन्या बुटांच्या खोक्यात सगळं लपवलेलं असायचं. रेक्टर मॅडम मायाळू होत्या. म्हणायच्या, "हिचं पोटच नाजूक आहे," आणि स्वयंपाकघरात सांगून मला मऊ भात करायला लावायच्या. मीठ घातलेला, पांढराफटक. तो मऊ भात मी खाली मान घालून खायचे, आणि सगळ्या मुली तिखट आमटी ओरपत असायच्या.

माझ्या शेजारच्या कॉटवर सुजाता. ती खरोखर तेरा वर्षांची होती, सोमेश्वरनगरच्या बाजूची, बडबडी, चढाईला वाऱ्यासारखी. एका रविवारी कपडे धुताना ती रडत माझ्याकडं आली. काय झालंय ते मला बघताक्षणी समजलं. "कोमे, मला कायतरी झालंय गं. मी मरनार हाय का?" मला सगळं ठाऊक होतं. काय घ्यायचं, कसं धुवायचं, कंबर का दुखते, किती दिवस. मी म्हणाले, "मला न्हाय बाई म्हायती. मॅडमला इचार." ती एकटीच मॅडमच्या खोलीकडं गेली. मी नळ चालू ठेवून तिथंच बसून राहिले. आज मी मुलींच्या मैदानांवर जाऊन पत्रकं वाटते, त्यात मोठ्या अक्षरात लिहिते की बोला, विचारा, लपवू नका. वाचणाऱ्याला वाटतं ही बाई फार धीट. त्या रविवारी मी काय केलं ते पत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

गुडघा गेला तो इंदापूर तालुक्यातल्या एका सामन्यात. मॅट टाकली होती ती खड्ड्यांवर, आणि दोन तुकड्यांच्या जोडाला चिकटपट्टी मारलेली. समोरच्या पोरीचा घोटा धरायला मी झेप घेतली, डावा पाय त्या जोडात रुतला आणि अंग तेवढं फिरलं. आत टचकन आवाज झाला. बाहेर कुणाला आला नसेल, मला कानात आला. सरांनी बर्फ लावला, पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "मुरगळलाय. चार दिवसांत पळशील." चार दिवसांचे तीन महिने झाले. घरी हाडवैद्यानं तेल चोळलं. आईनं आठवड्यातून दोनदा बोकडाच्या पायांचा रस्सा उकळला, का तर गुडघ्याला गुडघा मिळतो. येणारा प्रत्येक जण हाच सल्ला देऊन तोच रस्सा वाटीभर पिऊन जायचा. सूज उतरली. मी परत मैदानात गेले, साधी वळले, आणि गुडघा निसटला. आत काहीच धरून नसल्यासारखा. त्या दिवशी पहिल्यांदा मी मैदानावर मोठ्यानं ओरडले.

मग बारामतीतल्या हाडांच्या दवाखान्यात गेलो. खोलीत डॉक्टर, सर, अण्णा आणि मी. आई घरी, कारण म्हशीला कोण बघणार. डॉक्टर तरुण होते आणि कागदाच्या पाठीवर चित्रं काढायची त्यांना हौस होती. मांडीचं हाड, नडगीचं हाड, समोर वाटी, आणि मधोमध आडवी तिरपी एक दोरी. ती त्यांनी पेननं खोडली. "ही तुटलीय. पूर्ण. शिवून जुळत नाही. नवीन बसवावी लागते, आणि ती हिच्याच अंगातून काढायची."

अण्णा पुढं सरकले. "माझ्यातली काढा की, डॉक्टर. माझ्या शिरा दणकट हायत. लई चाललोय मी."

डॉक्टर हसले नाहीत. "दुसऱ्याची शीर बसवता येते, मामा. पण इतक्या लहान वयात, खेळणाऱ्या पायात, ती पुन्हा तुटायची भीती जास्त. स्वतःची ती स्वतःची." मग त्यांनी चित्रावर तीन ठिकाणी गोल केले. मांडीच्या मागची शीर: काढायला सोपी, पुढं दुखत नाही, नुसती मऊ शीर असते, हाड नसतं, म्हणून वाढत्या मुलांत बरी पडते. पण मुलींची ती कधी कधी बारीक निघते आणि खेळणाऱ्या मुलींत पुन्हा तुटल्याचं दिसतं. वाटीच्या खालची: दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा घेऊन काढायची, ती हाडात हाड रुजल्यासारखी पक्की बसते. पण पुढं जमिनीवर गुडघा टेकला की दुखू शकतं, आणि हाड अजून वाढत असेल तर तो तुकडा वाढीच्या रेषेत जाऊन बसला की पाय वाकडा किंवा आखूड व्हायची भीती. वाटीच्या वरची: चांगली जाड, हाडाशिवायही काढता येते. फक्त मांडीला ताकद यायला वेळ लागतो, व्यायामाचा कंटाळा करून चालत नाही.

"म्हणजे वाढ कितपत बाकी आहे त्यावर सगळं आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. हाडाच्या टोकाशी एक काळसर रेघ होती, कुठं होती, कुठं पुसलेली. "दाखल्यावर तेरा आहे. तेराच्या मानानं ही रेघ फार मिटलीय. तेराच असेल तर मी मागची बारीक शीर घेईन, रेघेला धक्का न लावता वळसा घालून बसवीन. मन मानेल तेवढी घट्ट नाही बसणार, पण पाय वाकडा होण्यापेक्षा बरं."

सर म्हणाले, "किंवा थांबू या की, डॉक्टर. वाढ पूर्ण होऊ द्या. वर्ष-दोन वर्षांनी करू."

"थांबलो तर प्रत्येक वेळी गुडघा निसटणार आणि आतली गादी फाटणार. कोपऱ्याला आत्ताच फाटलीय."

अण्णा एक्स-रेकडं बघत होते. मेंढीच्या जबड्याकडं बघावं तसे, डोळे बारीक करून. म्हणाले, "डॉक्टर, दात बघून कळत न्हाय का?"

आता डॉक्टर हसले. "दातांनीही कळतं, मामा. पण मुलींचं याहून सोपं असतं. हिची पाळी सुरू झालीय का? झाली असेल तर कधी?"

त्या खोलीतला पंखा मला अजून ऐकू येतो. प्रश्न माझ्याबद्दल होता आणि डॉक्टरांनी तो अण्णांना विचारला. अण्णांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "छे, ल्हान हाय अजून. दाखला हाय की समोर." माझ्याकडं कुणीही पाहिलं नाही. टेबलावर माझा गुडघा होता, भिंतीवर माझं हाड होतं, कागदावर माझं वय होतं, आणि मी खुर्चीत एकटी. मला एवढंच कळलं की आता गप्प बसले तर हा भला माणूस माझ्या पायात कुणातरी तेरा वर्षांच्या पोरीसाठीची शीर बसवणार. ती पोरगी जगात कुठंच नव्हती. पाय मात्र मला जन्मभर वापरायचा होता.

"अडीच वर्षं झाली," मी म्हणाले. "डॉक्टर, मला पाळी येती. अडीच वर्षं झाली. मी पंधराची हाय."

"ए, काय बडबडतीस?" सर उठले. "भूल दिल्यागत करतीय, डॉक्टर. दुखण्यानं डोकं—"

अण्णा उठले. टोपी काढली, परत घातली, आणि दार उघडून बाहेर गेले.

डॉक्टरांनी सरांनाही बाहेर जायला सांगितलं आणि एका सिस्टरना आत बोलावलं. सिस्टरनी माझ्या शेजारी स्टूल ओढलं. डॉक्टर म्हणाले, "मी खेळाच्या ऑफिसचा माणूस नाही. मला गुडघा करायचाय. तुला काय काय करायचंय या गुडघ्यानं?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, कबड्डी. मग म्हणाले, खाली बसायचंय, भाकरी करायला. संडासला बसायचंय, आमच्याकडं खुर्चीसारखं भांडं न्हाय. टेम्पोत चढायचंय. "म्हणजे गुडघा टेकायचाय आणि झेपही घ्यायचीय," डॉक्टर म्हणाले. वाटीच्या खालची शीर आता धोक्याची नव्हती, पण टेकल्यावर दुखायची भीती होती. मागची बारीक निघाली तर झेपेला कच्ची. "वरची घेऊ. चालेल?" मी व्हय म्हणाले. ग्राफ्ट, म्हणजे बदलीची शीर, निवडायची म्हणजे काय, तर एवढंच असतं. माणूस कोण आहे आणि काय करणार आहे हे खरं सांगायचं. मोठमोठ्या शब्दांचं पुस्तक नंतर. आमच्या मुलींच्या बाबतीत हे पहिलंच पान कुणी उघडत नाही, आणि मग शीर तुटली की म्हणतात पोरीच नाजूक.

बाहेर व्हरांड्यात सर वाट बघत होते. "खर्चासाठी तुझी फाईल वर क्रीडा खात्यात जाती, माहितीय ना? संघातल्या आणखी दोघींचं निघंल. तुझ्या एका गुडघ्यापायी बारा पोरींच्या पोटावर पाय दिलास." मी कुबडी सावरत उभी. अण्णा बाकावर बसून फरशीकडं बघत होते. परतताना टेम्पोत रिकाम्या किटल्या रस्ताभर एकमेकींवर आपटत होत्या आणि आम्ही दोघं पुढं, समोर बघत. अंथुर्ण्याच्या फाट्यावर वळताना वाटलं ते बोलतील. त्यांनी गिअर बदलला. आईला मात्र सगळं आधीच कळलेलं. कुबडी भिंतीला टेकवायच्या आत म्हणाली, "बोललीस व्हय? बरं केलंस. तुझं ओझं उतारलं, आता आमच्यावर चढलं."

सर खोटं बोलले नव्हते. आणखी दोघींचं निघालं. त्या वर्षी संघ स्पर्धेला गेला नाही. सुजाताचं वय खरं होतं, तरी तिचंही वर्ष गेलं. ती मॅडमच्या फोनवरून एकदाच बोलली. "म्हंजी तवा तुला समदं म्हायती हुतं की गं," एवढं म्हणून थांबली. मी काही तरी म्हणेन म्हणून वाट बघितली असेल. मग फोन ठेवला. माझी ट्रंक कुणीतरी एसटीच्या कंडक्टरकडं दिली, ती फाट्यावर उतरवून घेतली. दाराशी माणसं येणं बंद झालं. रस्सा प्यायलाही कुणी येईना. दिवसभर कडबाकुट्टी, कावळे, आणि आई शेतात गेल्यावर मी आणि म्हैस. मला कुणी वाईट बोललं असतं तरी चाललं असतं. मी ओट्यावर बसून मांडी आवळायचा व्यायाम करायचे, डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच सुरू करायला सांगितलेला, आणि मोठ्यानं मोजायचे, म्हणजे कुणाचा तरी आवाज ऐकू यावा.

आता तिशी जवळ आलीय. लोक विचारतात, केलंस ते बरोबर होतं का? हो, होतं. आणि त्याची किंमत चुकीच्या माणसांनी मोजली हेही खरं आहे. दाखला बदलणारे आजही मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात. पोरींना मात्र बाहेर बसवतात. मी पत्रकात लिहिते, वय चोरणाऱ्याला धरा, जिचं चोरलं तिला नको. पत्रक वाचून घडी घालून त्यावर भेळ खातात. खाऊ देत. मी परत छापते. पुढच्या काही हंगामांत मी गावाकडच्या संघातून खेळले, गुडघ्यानं दगा दिला नाही. संघ म्हणावा असा संघ मात्र मला परत कधी मिळाला नाही. शेजारच्या कॉटवर कुणी बडबडतंय, अशी झोप परत लागली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी अण्णांनी दूध दुसऱ्याच्या टेम्पोत घातलं आणि माझ्याबरोबर आले. डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. औषध घे, पाय वर ठेव. मला उपाशी ठेवलं होतं, हिरवा झगा घातला होता, केस टोपीत. मी ढकलगाडीवर पडून छताचे चौकोन मोजत होते. अण्णा शेजारी पिशवी धरून उभे. आजूबाजूला दुसऱ्या पेशंटांभोवती घोळका होता, मावश्या, काक्या, डबे. आमच्याकडं आम्ही दोघंच. सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. ज्यांनी स्टूल ओढलं होतं त्या नव्हेत. दुसऱ्या, घाईतल्या.

"नाव बरोबर? पाय डावा? वय—" त्यांनी कागद वर-खाली केले. "इथं पंधरा सांगितलंय डॉक्टरांनी, फॉर्मवर दाखल्यावरून तेरा लिहिलंय. काय धरायचं?"

माझं एकदा बोलून झालं होतं. आता मला बोलायचं नव्हतं. छताकडं बघत पडून राहिले.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. "पंधरा पुरी," ते म्हणाले. "दुपारी झालीया ही. मेंढरं पाण्यावर गेल्ती, म्या काठाला हुतो, तवा निरोप आला." सिस्टरला यातलं काही नको होतं. त्यांनी तेराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग हे खोडा. खाडाखोड केली की बाजूला सही लागते हां. पालकाची. पूर्ण."

अण्णांनी पेन घेतलं. फॉर्म भिंतीला टेकवून धरला. तेरावर आडवी रेघ मारली, ती एकदा मारून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा मारली. वर पंधरा लिहिलं. मग सही, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर मोठं आणि सुटं. मागून कुणाची तरी गाडी आली, वॉर्डबॉय म्हणाला, "मामा, आटपा की." अण्णांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आडनाव पूर्ण केलं, खाली रेघ ओढली, आणि कागद परत देताना सिस्टरला म्हणाले, "बाई, अजून कुठं असंल करायची, तर आणा. म्या हितंच हाय."